दुखणं घेऊन म्युझियमला जायचं का?

मागच्या अंकात जुनाट दुखण्यांवर लिहिताना मी सहज एका ओळीत म्हटलं होतं की काही पेशंटना मी व्यायामाच्या चार्टबरोबर म्युझियमला जायलाही सांगते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून त्यातलीच पाच घेतली आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, चित्रकलेतली जाणकार नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न: मॅडम, मला सहा वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. सगळं अंग ठणकतं, झोप लागत नाही आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. मुलगी अमेरिकेत सॅक्रामेंटोला असते, ती म्हणाली तिथे दुखण्याच्या पेशंटना म्युझियममध्ये नेतात आणि त्यांना बरं वाटतं. मिस्टर हसले, म्हणाले चित्र बघून जात असेल तर ते दुखणं नव्हतंच. खरं सांगायचं तर मलाही आतून तीच भीती आहे. मी गेले आणि बरं वाटलं तर सगळे म्हणतील, बघा, हिचं सगळं मनाचंच होतं. (वय ५३, चिंचवड)

उत्तर: ताई, तुमची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. बरं वाटण्याचीच भीती वाटावी इतकं लोकांनी तुम्हाला बोलून बोलून केलंय, त्यामुळे आधी तेच निस्तरू. कोपर दाराला आपटलं की आपण पटकन चोळतो आणि कळ जरा उतरते, मग काय कोपर आपटलंच नव्हतं का? १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याचं एक स्पष्टीकरण मांडलं, त्याला गेट कंट्रोल थिअरी म्हणतात. मज्जारज्जूत एक फाटक आहे असं समजा, दुखऱ्या जागेकडून निघालेले संदेश त्यातून वर मेंदूकडे जातात, चोळण्या-दाबण्याचे संदेश आले की ते फाटक थोडं लोटलं जातं, आणि मुख्य म्हणजे मेंदूसुद्धा वरून खाली संदेश पाठवून ते कमी-जास्त उघडतो. थिअरीतले बारकावे पुढे बदलले, पण मेंदूचा दुखण्यात असा हात असतो ही गोष्ट टिकली. आपल्याकडे वारीत चालणाऱ्या बायकांना विचारा, टाळ-मृदुंग चालू असताना पायाचे फोड जाणवत नाहीत आणि मुक्कामाला टेकल्या की तेच फोड जीव नकोसा करतात. फोड दोन्ही वेळा खरेच असतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, त्यातही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून असा एकच नकोसा अनुभव आहे असंच म्हटलंय. त्यामुळे मनाचं की शरीराचं हा वादच सोडून द्या, मिस्टरांनाही हे वाचायला द्या.

आता मुलीने सांगितलं त्याबद्दल. ते अगदी खरं आहे आणि तिच्याच गावातलं आहे. सॅक्रामेंटोचं क्रॉकर आर्ट म्युझियम १८८५ पासूनचं, आणि जवळच्या यूसी डेव्हिस विद्यापीठातले इयन कोबनर यांनी त्यांच्याबरोबर आर्ट आरएक्स नावाचा कार्यक्रम सुरू केला (आरएक्स म्हणजे डॉक्टर चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहितात ती खूण). जुनाट दुखणं असलेल्या लोकांचा छोटा ग्रुप, म्युझियमचा गाईड, साधारण तासभर, थोडीच चित्रं आणि त्यावर गप्पा. यावर ५४ जणांचा एक अभ्यास झाला, त्यात ५७ टक्के लोकांनी टूरच्या वेळात दुखणं कमी झाल्याचं सांगितलं आणि आरामाचं सरासरी प्रमाण ४७ टक्के निघालं. अभ्यास लहान आहे, पायलट म्हणजे सुरुवातीची चाचपणी आहे, यावरून उद्या पेन क्लिनिक बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण मला त्यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे आपण एकटे पडलोय ही भावना टूरनंतर कमी झाली होती आणि दुखण्याचा जो नकोसेपणा असतो तोही. कारण तुम्हाला माहितीये, सहा वर्षं दुखत राहिलं की माणूस लग्नकार्य टाळतो, भिशी सोडतो, गॅलरीतल्या कुंड्यांनाही पाणी घालायचं सोडतो आणि शेवटी घरात आपण आणि दुखणं दोघंच उरतो.

माझ्या एका पेशंटचं सांगते, नाव-गाव सांगत नाही. खांद्याचं चार वर्षांचं दुखणं, एमआरआयमध्ये फारसं काही नाही, पण क्लिनिकमध्ये हात खांद्याच्या रेषेला आला की थांबायचा, त्याच्यावर एक बोट जायचा नाही, तोंडावर भीती दिसायची. त्यांना घेऊन मी पुण्यात बाजीराव रोडजवळच्या राजा केळकर म्युझियममध्ये गेले. तिथे दिव्यांचं दालन आहे, समया, लामणदिवे, हातात धरायचे दिवे, पितळेचे, आणि आम्ही फक्त त्या एका ठिकाणी वीस मिनिटं होतो. एका लामणदिव्याच्या साखळीकडे बघून त्या म्हणाल्या असली आमच्या आजीकडे होती, देवघराच्या आढ्याला, दर अमावस्येला उतरवून चिंचेने घासायचो. कशी अडकवायचे हो, मी सहज विचारलं. तर त्यांनी हात वर करून दाखवलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कडी धरल्यासारखा, पार डोक्याच्या वर. मी काहीच बोलले नाही. दोन-तीन सेकंदांनी त्यांच्याच लक्षात आलं की हात कुठे आहे, आणि त्या तशाच हात वर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. संध्याकाळी खांदा दुखला, त्यांनी फोन करून सांगितलं. पण हात वर जातो हे आता त्यांनी स्वतः पाहिलं होतं, आणि पुढचे तीन महिने आम्ही त्याच जोरावर व्यायाम केला.

तर ताई, जा. चिंचवडहून पुणं काही लांब नाही. मिस्टरांना बरोबर घ्या, फक्त एकच अट घाला, त्या तासाभरात कसं वाटतंय हे विचारायचं नाही. अडकित्ते बघा, वज्री बघा (पाय घासायच्या वज्रीवर एवढं नक्षीकाम करणारी माणसं होती आपल्याकडे), आणि घरी येऊन त्यावरच बोला. आणखी एक सांगायचं म्हणजे त्या म्युझियमला नाव आहे ते दिनकर केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. तिथली एकेक वस्तू बघताना मला ते आठवतंच.

प्रश्न: ताई, एंडोमेट्रिओसिस आहे (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार), दोन ऑपरेशन झाली, दर महिन्याला आठ-दहा दिवस वाया जातात. प्रश्न साधा आहे. हे म्युझियम वगैरे म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवणंच ना? मग त्यासाठी घरी पडून रील्स बघितले तर काय वाईट? घरात सगळे म्हणतातच की बायकांना दुखतंच. (वय ३४, ठाणे)

उत्तर: रील्स बघा की, ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी आणि मोबाईल यात काही चूक नाही, आणि त्या अभ्यासात म्युझियम विरुद्ध मोबाईल अशी तुलना नव्हतीच, त्यामुळे मी तसा दावाही करणार नाही. लक्ष वळणं हा त्यातला एक भाग नक्कीच आहे. पण मी जे बघते ते असं की रील दर पंधरा सेकंदाला लक्ष ओढून घेतं आणि पुढच्या सेकंदाला सोडून देतं, त्या फटीत दुखणं परत येतंच. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये लोक एकेका चित्रापुढे किती वेळ थांबतात हे २००१ च्या एका अभ्यासात मोजलं होतं, सरासरी निघाली २७ सेकंद. म्हणजे आपण चित्रंसुद्धा रील्ससारखीच बघतो. उपयोग होतो तो एकाच चित्रापुढे दहा मिनिटं बसल्यावर. अमेरिकेतल्या म्युझियममध्ये त्यासाठी तीन प्रश्न वापरतात, मी ते मराठीत असे विचारते: इथे काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणि आणखी काय दिसतंय? तिसरा प्रश्न पुन्हा पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला काहीतरी असं दिसतं जे आधी समोर असून दिसलं नव्हतं, आणि त्या वेळी माणूस खरंच तिथे असतो, पोटात नसतो. हे बरोबर कोणी असलं तर जास्त चांगलं होतं.

दुसरं, तू लिहिलंस ते "बायकांना दुखतंच". त्यावर एक चित्र सांगते. मेक्सिकोची फ्रिडा काहलो, १९२५ मध्ये बसच्या अपघातात तिचा कणा आणि कंबर मोडली, पुढे आयुष्यभर ऑपरेशनं आणि कमरेचे पट्टे. १९४४ मध्ये तिने स्वतःचं एक चित्र काढलं, नावच "मोडका खांब". गळ्यापासून खाली अंग उभं चिरलेलं, आत कण्याच्या जागी जागोजागी तडकलेला दगडी खांब, बाहेरून पट्ट्यांनी आवळलेलं शरीर आणि अंगभर खिळे. डोळ्यांतून पाणी येतंय पण तोंड वेडंवाकडं केलेलं नाही, ती सरळ आपल्याकडे बघते. तुझं दुखणं पोटातलं आहे, तिचं कण्याचं, तरी ते चित्र मोबाईलवर उघडून घरच्यांना दाखव आणि म्हण, असं होतं मला. शब्दांनी दुखणं सांगता येत नाही, एक ते दहात किती असं विचारलं की आपण सात म्हणतो आणि त्या साताचा समोरच्याला काही अर्थ लागत नाही. माझ्या पाठदुखीच्या दोन पेशंटनी हे चित्र घरी दाखवलंय. (त्रास जास्त असलेल्या दिवशी मात्र तू स्वतः ते बघू नकोस, काही जणींना त्याने उलटं जड वाटतं.) आणि गायनॅककडचा फॉलोअप सोडू नकोस.

प्रश्न: नमस्कार मॅडम. एसटीत ३१ वर्षे ड्रायव्हर होतो, रिटायर झालो तेव्हापासून कंबर धरलेली आहे, मणक्यात गॅप सांगितली आहे. दहा मिनिटांच्या वर उभे राहवत नाही. आमच्या सातारा भागात म्युझियम म्हणजे औंधचे. यमाईच्या यात्रेला किती गाड्या नेल्या असतील त्याचा हिशोब नाही पण आत एकदाही गेलो नाही. मला चित्रातले काही कळत नाही. गेलो तर चालेल का आणि गोळ्या बंद करता येतील का. (वय ६१, जि. सातारा)

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. गोळ्यांचं आधी. बंद करायच्या नाहीत, कमी करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आणि पायातली ताकद कमी होणं, पाय लुळा पडल्यासारखा होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, ताप येऊन पाठ दुखणं किंवा कारण नसताना वजन उतरणं यातलं काहीही झालं तर म्युझियम नाही, फिजिओ नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आता औंध. यात्रेला जाऊ नका, साध्या वाराला सकाळी जा. टेकडीवर आहे, चालत चढू नका, गाडीने वर जा. आधी फोन करून वेळ, सुट्टीचा दिवस आणि आत कुठे बसायला आहे का हे विचारून घ्या. म्युझियम कंबरेला वाईट का तर तिथे आपण धड चालत नाही आणि धड बसत नाही, दोन पावलं टाकून उभं राहायचं, परत दोन पावलं, त्या रेंगाळत्या उभं राहण्याने कंबर सगळ्यात जास्त धरते. म्हणून हलकं फोल्डिंग स्टूल घेऊन जा, आत नेऊ देतात का ते फोनवरच विचारा, सांगितलं कमरेचं दुखणं आहे तर माणसं ऐकतात. आठ मिनिटं झाली की दुखायची वाट न बघता बसा. ड्रायव्हर माणसाला हे सांगायला नको, इंजिन तापायच्या आत गाडी थांबवायची. सगळं म्युझियम बघायचं नाही, दोनच गोष्टी. बरं वाटतंय म्हणून आणखी एक दालन, आणखी एक दालन असं केलंत तर दुसरे दोन दिवस अंथरुणात जातील, हे मी पन्नास वेळा बघितलंय.

कोणत्या दोन? तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत त्यातलं एक, कुठलंही, जे बघून पाय थांबतील ते. आणि दुसरं हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई आणि मूल. जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये ज्याचं काम ठेवलेलं असतं त्याचं शिल्प तुमच्या रूटवर आहे काका. कळत नाही म्हणता, पण ३१ वर्षं आरशात बघून मागच्या सीटवरच्या माणसाला गाडी लागणार आहे का हे तुम्ही ओळखत असाल, त्याच डोळ्यांनी बघायचं. आईने मूल कसं धरलंय, तिचा भार कुठे आहे, पाठ कशी आहे. हे म्युझियम उभं केलं ते औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रं काढायचे आणि सूर्यनमस्काराचा प्रचारही त्यांनीच केला. मला फिजिओ म्हणून त्यांच्याबद्दल जास्त आपुलकी वाटते ती यासाठी, शरीर आणि चित्रं ही दोन वेगळी खाती आहेत असं त्या माणसाला वाटलंच नाही. (सूर्यनमस्कार मात्र तुम्ही आत्ता घालू नका, आधी कोणाला तरी कंबर दाखवा.)

काकूंना घेऊन जा, जाल त्या दिवशी काय दिसलं ते मला चार ओळीत कळवा.

प्रश्न: आई ७४ वर्षांची आहे, संधिवाताने बोटं वाकडी झालीत, गुडघे गेलेत. आम्ही रत्नागिरीच्या आत एका वाडीत राहतो, इथून तिला कुठे नेणं शक्य नाही. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. तिच्यासाठी काही आहे का? (एक मुलगा)

उत्तर: आहे. पहिलं काम आजच करा, पैसे लागत नाहीत. खाट फिरवा. अमेरिकेत रॉजर उलरिख यांनी एका हॉस्पिटलचे १९७२ ते १९८१ मधले रेकॉर्ड तपासले होते, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना समोर विटांची भिंत. झाडंवाल्यांना स्ट्राँग पेनकिलर कमी लागल्या आणि ते घरीही लवकर गेले. हे ऑपरेशननंतरचं दुखणं होतं, संधिवात नव्हे, पण कोकणात राहून आईने भिंत बघायची याला काही अर्थ नाही. तिचं तोंड आंब्याकडे, पोफळीकडे, गोठ्याकडे, जे काही असेल तिकडे करा.

मग आठवड्याला एक चित्र. एकच. प्रिंट काढून तिला पडल्या पडल्या दिसेल अशा उंचीवर लावा आणि संध्याकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटं बसून वर लिहिलेले तीन प्रश्न विचारा. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र आहे ना, बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात, त्यापासून सुरुवात करा. बोटांमधून आलेला तो लालसर उजेड आईला दाखवा. आणि तिच्या स्वतःच्या वस्तू काढा, गोधडी असेल तर ती मांडीवर ठेवा, कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा हे तिलाच माहीत असणार.

तिला वाटत असेल की हातच गेले तर आता काय, तर तिला रेन्वारबद्दल सांगा. फ्रान्सचा हा चित्रकार, त्याला हाच संधिवात होता, बोटं वळून तळव्यात रुतायची, कातडी सोलू नये म्हणून हाताला पट्ट्या बांधायचे, ब्रश कोणीतरी हातात द्यायचं, आणि तो १९१९ मध्ये जाईपर्यंत रंगवत होता. आईने चित्र काढलंच पाहिजे असं नाही. पण पाटावर रांगोळी सोडायला, तळहाताने कुंकवाचे ठसे उठवायला बोटं सरळ लागत नाहीत. सकाळी सांधे आखडलेले असतात तेव्हा नको, दुपारनंतर, हात शेकून झाल्यावर. आणि तिची संधिवाताची औषधं नियमित चालू आहेत ना ते बघा, त्यावर आता आधीपेक्षा पुष्कळ चांगली औषधं आहेत, संधिवाताच्या तज्ज्ञाला वर्षातून एकदा तरी दाखवायला काहीही करून न्याच.

प्रश्न: मी दादरला फॅमिली डॉक्टर आहे. कॅनडात डॉक्टर म्युझियमची चिठ्ठी देतात असं वाचलं. आपल्याकडे तशी सोय नसताना मी लिहून दिलं तर पेशंट हसतील का? आणि लिहायचं तरी काय?

उत्तर: बरोबर वाचलंत डॉक्टर. २०१८ च्या नोव्हेंबरपासून माँट्रियल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर हे सुरू केलं, चिठ्ठी दाखवली की पेशंटला आणि बरोबरच्या घरच्या माणसांना तिकीट पडायचं नाही. आपल्याकडे तिकीट काढावं लागेल, एवढाच फरक. काही पेशंट हसतील, पण चालायला जा हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायला सुरुवात केली तेव्हाही लोक हसले असणारच. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं आणि घरच्यांना ते फालतू वाटतं, तुमच्या अक्षरातला कागद दाखवला की सुनेला सासूला घेऊन जावं लागतं. माझा अनुभव तरी असाच आहे.

दादरहून तुम्हाला भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम जवळ पडेल. १८७२ पासूनचं आहे आणि ज्यांचं नाव दिलंय ते भाऊ दाजी तुमच्याच पेशातले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर. तुम्ही स्वतः आधी एकदा जाऊन या, पायऱ्या किती, बसायला कुठे, व्हीलचेअर मिळते का, टॉयलेट किती लांब हे बघून ठेवा, कारण पेशंटला हेच पहिलं विचारायचं असतं.

मी लिहिते ते असं: "औषधं चालू. येत्या आठवड्यात एक दिवस, सकाळी, गर्दी नसताना. सोबत एक माणूस. दोन वस्तू, प्रत्येकी दहा मिनिटं, बसून. दमायच्या आधी घरी." आणि चिठ्ठीची मागची बाजू कोरी ठेवते, त्यावर पेशंटने काय बघितलं ते लिहून पुढच्या व्हिजिटला आणायचं. बहुतेक जण आणतात.